साप किती विषारी, हा प्रश्नच चुकीचा आहे

सिडनीत सप्टेंबर लागला, ऊन जरा तापायला लागलं की वीकेंडचे बुशवॉक, म्हणजे रानातल्या पायवाटांवरची भटकंती, सुरू होतात आणि त्यांच्या मागोमाग सापांचे व्हिडिओ फिरायला लागतात. यावेळी पण तेच झालं. पायवाटेवरून एक तपकिरी साप निवांत आडवा जातोय, मागून लहान पोरांचे आवाज येतायत, कोणीतरी "मागे व्हा, मागे व्हा" म्हणतंय, बास एवढंच. पण त्यावरून इथल्या मराठी मंडळींमध्ये जो वाद पेटला तो बघून लिहायला बसलेय, कारण दोन्ही बाजू तावातावाने बोलतायत आणि दोन्ही बाजू मुद्दा सोडून बोलतायत. एक बाजू म्हणते एवढे विषारी साप असलेल्या वाटांवर फॅमिली वॉक काढायचेच कशाला, पार्कवाल्यांनी साप पकडून लांब नेऊन सोडावेत, नाहीतर उन्हाळाभर ट्रॅक बंद ठेवावेत. दुसरी बाजू म्हणते काही होत नाही हो, साप तुम्हालाच जास्त घाबरतो, उगाच बाऊ करू नका. माझं म्हणणं आधीच सांगते. वाटेवरचा साप तिथेच राहू द्यायचा, त्याला हलवायचं नाही, आणि तिथे चालायला जाणाऱ्या प्रत्येकाने साप चावला तर काय करायचं हे शिकूनच जायचं. माणूस वाचतो की जातो हे सापाच्या विषावर आपण समजतो त्याच्यापेक्षा खूप कमी अवलंबून असतं, दंशानंतरच्या तासाभरात आजूबाजूची माणसं काय करतात यावर जास्त असतं, आणि आपला सगळा वाद मात्र सापावरच अडकून पडलाय.

हे मी हवेत बोलत नाहीये. ऑस्ट्रेलियाचं नाव काढलं की "जगातले सगळ्यात विषारी साप तिकडे" हे वाक्य येतंच, आणि ते खोटं नाही. इनलँड तैपान नावाचा साप इथल्या मधल्या कोरड्या भागात राहतो, उंदरांवरच्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांमध्ये त्याचं विष जमिनीवरच्या सगळ्या सापांमध्ये जहाल ठरलं. ईस्टर्न ब्राउन, म्हणजे व्हिडिओत बहुतेक जो होता तो, तोही त्या यादीत अगदी वरच्या नंबरांवर आहे. आता दुसरा आकडा बघा. २००० ते २०१६ या १७ वर्षांत अख्ख्या ऑस्ट्रेलियात सर्पदंशाने ३५ माणसं गेली, वर्षाला साधारण दोन. भारतात? २०२० मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासाप्रमाणे २००० ते २०१९ या काळात आपल्याकडे सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं मेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. भारताची लोकसंख्या पन्नासएक पट आहे हे मान्य, पण मृत्यू पन्नास पट नाहीत, जवळजवळ तीस हजार पट आहेत. आणि आपले नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चौघे उंदरांच्या त्या यादीत तैपानच्या खाली येतात. सगळ्यात जहाल विषाच्या त्या इनलँड तैपानने माणूस मारल्याची खात्रीची नोंद नाही, आणि इकडे कोकणातल्या सड्यावरचं वीतभर-हातभर फुरसं वर्षानुवर्षं माणसं मारत आलंय. मग विषाच्या यादीवरून आपण नक्की काय ठरवायला निघालोय?

फरक कुठे आहे ते आपल्यापैकी गावाकडून आलेल्या कोणालाही सांगायची गरज नाही. पावसात अनवाणी पायाने लावणी करणारी बाई, रात्री पाणी द्यायला बॅटरीशिवाय शेतात जाणारा माणूस, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेलं घर आणि त्यात उबेला शिरलेला मण्यार. भारतातले हे मृत्यू बहुतेक खेड्यांत होतात आणि निम्म्याच्या आसपास जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होतात, त्याचं कारण हेच. पुढचा प्रवास तर त्याहून वाईट, आधी भगताकडे, मग गाडी शोधायची, मग प्राथमिक केंद्रात लस आहे का बघायचं, नसली की तालुक्याला, तिथून जिल्ह्याला. इथे काय होतं? पायात बूट, हातात फोन, फोनवर तीन शून्य दाबले की अँब्युलन्स, रस्ता नसेल तर हेलिकॉप्टर, आणि ज्या हॉस्पिटलात नेतील तिथे अँटीव्हेनमची, म्हणजे सर्पदंशाच्या लसीची, एक कुपी, इथे सहसा एकच पुरते. आपल्याकडच्या प्रोटोकॉलप्रमाणे सुरुवातच दहा कुप्यांनी होते. इथला साप जास्त जहाल आणि तरी माणूस वाचतो, कारण त्याच्याभोवती माणसांनी उभी केलेली एक अख्खी व्यवस्था आहे.

आता समोरच्यांचे मुद्दे घेते, कारण ते फालतू नाहीत. पहिला मुद्दा, आणि मला तो सगळ्यात जड वाटतो, तो असा की इथे माणसं कमी मरतात ती सापाला घाबरून असतात म्हणूनच, तुम्ही ही भीती घालवायला निघालात तर उद्या पोरं सापाशी खेळायला लागतील. दुसरा मुद्दा, सिडनी-मेलबर्नच्या कडेच्या या वाटा काही दुर्गम रान नाहीत, तिथे प्रॅम घेऊन आया येतात, भारतातून आलेले सत्तरीचे सासू-सासरे सँडल घालून येतात, त्यांना "हे सापाचं घर आहे" असं सांगून काय उपयोग? तिसरा, ब्राउन स्नेक चावला तर खरंच तासाभरात माणूस कोसळू शकतो, मग वर्षाला दोन म्हणजे कमी असं ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला सांगाल का? नाही सांगणार. तो आकडा मी कोणाचं दुःख छोटं करायला वापरत नाहीये आणि दुसऱ्या कोणी वापरला तर मला तो आवडणारही नाही.

पण भीतीने माणसं वाचतात हे मला पटत नाही, आणि याचा पुरावा आपल्याच गावात आहे. सापाला आपल्याइतकं घाबरणारं कोण आहे? "जनावर निघालं" अशी हाक आली की अर्धी वाडी काठ्या घेऊन धावते, संध्याकाळनंतर त्याचं नावसुद्धा घेत नाहीत, नागपंचमीला पाटावर नाग काढून पूजा करतात आणि दुसऱ्या दिवशी परसात निघालेली धामणही मारतात, जी बिनविषारी आहे आणि उंदीर खाऊन त्याच शेतकऱ्याचं धान्य वाचवते. एवढी भीती असूनही ५८ हजार. भीती जर औषध असती तर कोकणात एकालाही पान लागलं नसतं. उलट भीतीने नेमक्या त्याच गोष्टी होतात ज्यांनी माणूस मरतो, पळत सुटणं, पाय दोरीने करकचून बांधणं, ब्लेडने चिरणं, आणि काठी घेऊन सापाच्या जवळ जाणं. इथल्या त्या ३५ मृत्यूंमध्येही काही जण साप उचलायला किंवा मारायला गेलेले होते, आणि बऱ्याच जणांना दंश झाला तो रानात नव्हे, स्वतःच्या घराच्या आसपास. म्हणजे ट्रॅक बंद करून नक्की कोणाला वाचवणार?

साप मारून किंवा हटवून प्रश्न सुटतो का, हे आपल्याकडे एकदा करून बघितलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने मारलेल्या सापांवर इनाम ठेवलं, रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांवर असं इनाम होतं आणि लोकांनी लाखांनी फुरशी मारून आणली, लाखांनी. आज देवगड-रत्नागिरीच्या सड्यावर दगड उलटून बघा, फुरसं आहेच, आणि चावलेली माणसंही दवाखान्यात येतातच. इथे टास्मानियात तोच प्रयोग दुसऱ्या जनावरावर झाला आणि तो मात्र यशस्वी झाला, ते जास्त भयंकर. थायलासिन, ज्याला टास्मानियन टायगर म्हणतात, त्याच्यावर मेंढ्या मारतो असा आरोप होता म्हणून सरकारने १८८८ ते १९०९ पर्यंत बक्षीस दिलं, दोन हजारांच्या वर बक्षिसं वाटली गेली. त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं १९३६ च्या जुलैमध्ये, आणि पिंजऱ्यातला शेवटचा थायलासिन होबार्टच्या झूमध्ये मेला त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये. भीती आणि राग यांच्या भरात सरकारकडे "हे जनावर हटवा" अशी मागणी केली की एक तर ते हटत नाही, नाहीतर असं हटतं की परत आणता येत नाही. या दोन्हीतलं आपल्याला काय हवंय?

"मारा कोण म्हणतंय, लांब नेऊन सोडा" असं लगेच उत्तर येतं. ऐकायला माणुसकीचं वाटतं. पण मेलबर्नच्या पार्कांमधल्या टायगर स्नेकना रेडिओ ट्रान्समीटर लावून अभ्यास झाला तेव्हा दिसलं की हलवलेले साप मूळ जागेवरच्या सापांपेक्षा कितीतरी जास्त भटकतात. सापाला आपली बिळं, आपलं पाणी, ऊन खायची जागा, बेडूक कुठे मिळतात ते सगळं माहीत असतं, ते काढून घेतलं की तो अनोळखी जागी रस्ते ओलांडत, लोकांच्या बागांमधून फिरत बसतो, म्हणजे माणसाशी गाठ पडायची शक्यता वाढते. आणि ज्या वाटेवरून त्याला नेलं तिथे खाणं आहे, ओढा आहे, तापलेले खडक आहेत, तर रिकामी जागा दुसरा साप भरतोच. हो, घराच्या गराजमध्ये, शाळेच्या मैदानात, पाळणाघराच्या अंगणात साप निघाला तर परवाना असलेल्या सर्पमित्राला बोलवायलाच पाहिजे, तिथे मी एका शब्दानेही वाद घालणार नाही. न्यू साउथ वेल्समध्ये देशी साप कायद्याने संरक्षित आहेत, विनापरवाना पकडणं किंवा मारणं गुन्हा आहे, व्हिक्टोरियातही तसंच. पण नॅशनल पार्कची वाट म्हणजे पाळणाघराचं अंगण नव्हे, हा फरक तरी आपण करणार की नाही?

या वाटा कुठून आल्या हेही आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि माहीत असतं तर ट्रॅक बंद करायची भाषा एवढ्या सहज आली नसती. १९३१ च्या ईस्टरला सिडनीचे काही बुशवॉकर ब्लू माउंटन्समधल्या ग्रोस व्हॅलीत उतरले होते, तिथे उंचच उंच ब्लू गमच्या झाडांचं एक जंगल आहे. त्यांना कळलं की एका माणसाकडे ती जमीन लीजवर आहे आणि तो झाडं तोडून अक्रोड लावणार आहे. मंदीचे दिवस, कोणाच्या खिशात पैसे नाहीत, तरी या लोकांनी वर्गणी काढून १३० पौंड उभे केले, त्याला ते देऊन हक्क सोडायला लावला, आणि ते जंगल आजही उभं आहे. म्हणजे आज आपण गाडी पार्क करून जी डोंगरदरी बघायला जातो त्यातला काही भाग चालणाऱ्यांनी पदरचे पैसे घालून वाचवलाय, आणि झाडं-पक्षी-साप-जळवा सगळ्यांसकट वाचवलाय. त्याच्या कितीतरी आधी हजारो वर्षं इथले मूळ लोक याच सापांच्या सोबत इथेच राहत होते, पायात बूट नसताना. आपण मागून आलेलो, आणि पहिली मागणी काय, तर इथल्या जुन्या रहिवाशाला बाहेर काढा. मला हे बरोबर वाटत नाही, एवढं स्पष्ट बोलते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळते, "काही होत नाही" वाल्यांकडे, आणि खरं सांगायचं तर मला यांची जास्त काळजी वाटते, कारण यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. पॅट्रिक व्हिटेकर आणि रिचर्ड शाइन या संशोधकांनी नव्वदच्या दशकात मोकळ्या रानातल्या ब्राउन स्नेकजवळ स्वतः चालत जाऊन ते काय करतात याची नोंद ठेवली होती. बहुतेक साप एक तर निघून गेले नाहीतर होते तिथेच गप्प पडून राहिले, अंगावर येणारे अगदी थोडे निघाले. तर साप पाठलाग करतो, डूख धरतो वगैरे गोष्टींना अर्थ नाही, इतपत ठीक. पण यातून लोक काय काढतात? की जवळ जाऊन शूट केलं तरी चालतं, पोराला "बघ बघ" म्हणून पुढे ढकललं तरी चालतं, उन्हाळ्यात उघड्या सँडलमध्ये गवतात शिरलं तरी चालतं. गप्प पडून राहणारा साप हाच तर धोका आहे ना, कारण त्याच्यावर पाय पडतो.

आणि चावल्यावर तर "काही होत नाही" हे वाक्य जीवघेणं आहे. ब्राउन स्नेकचे दात अगदी छोटे, काही मिलिमीटरचे. घोणस चावली की पाय सुजतो, आग होते, माणूस ओरडतो, त्यामुळे निदान दवाखान्यात तरी नेतात. ब्राउन चावला तर कधी कधी नुसता ओरखडा दिसतो, दुखत नाही, सूज नाही, माणूस म्हणतो काटा लागला असेल, चला गाडीपर्यंत जाऊ मग बघू. चालत जातो, आणि चालण्यानेच विष पसरतं, आणि मग अचानक कोसळतो. पहिल्या बाजूची भीती आणि दुसऱ्या बाजूची बेफिकिरी यांचा शेवट एकाच जागी होतो, करायची गोष्ट कोणीच करत नाही.

करायची गोष्ट कशी सापडली ते सांगते, कारण माझ्या मते या सगळ्या वादाचं उत्तर त्या इतिहासात आहे. ऑस्ट्रेलियात पहिलं विकायला आलेलं अँटीव्हेनम १९३० चं, टायगर स्नेकसाठी, मेलबर्नच्या सीएसएल या सरकारी प्रयोगशाळेचं. पण उत्तरेकडच्या किनारी भागातल्या तैपानवर (हा वेगळा, वर सांगितलेला इनलँड तैपान नव्हे) काहीच नव्हतं, तो चावला की संपलं. १९५० मध्ये केव्हिन बडन नावाचा विशीतला सिडनीचा पोरगा केर्न्सला गेला, एकच हेतू, जिवंत तैपान पकडून विष काढायला पाठवायचा. त्याने पकडला, पिशवीत घालताना साप हाताला चावला. आपण बहुतेक वाचणार नाही हे त्याला माहीत होतं, तरी त्याने साप मारू दिला नाही, हा मेलबर्नला पोचलाच पाहिजे असं सांगत राहिला. दुसऱ्या दिवशी तो गेला. साप पोचला, त्याचं विष काढलं गेलं, १९५५ मध्ये तैपानचं अँटीव्हेनम तयार झालं आणि त्याच वर्षी केर्न्समधल्या एका लहान मुलाचा जीव त्याने वाचला. त्या दिवशी आजूबाजूच्यांनी रागाच्या भरात तो साप ठेचला असता तर? फनेल वेब कोळ्याचंही असंच. सिडनीतल्या घरांच्या बागांमध्ये हा कोळी आजही आहे, १९८१ मध्ये त्याचं अँटीव्हेनम आलं, त्यानंतर त्याने एकही माणूस मेलेला नाही. आणि त्या औषधाला विष कुठून मिळतं? लोक घरात सापडलेले कोळी बरणीत घालून जमा करतात, ते सॉमर्सबीच्या ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्कमध्ये जातात आणि तिथे विष काढतात. कोळी संपवून नाही, कोळी सांभाळून मृत्यू थांबवले.

आणखी एक पायरी १९७९ ची आणि ती आपल्या प्रत्येकाच्या बॅगेत मावणारी आहे. तोपर्यंत इथेही लोक दोरी बांधत होते, जखम चिरत होते, अगदी आपल्यासारखं. सीएसएलमधल्या स्ट्रुअन सदरलँड यांनी दाखवून दिलं की इथल्या सापांचं विष पहिल्यांदा रक्तातून नाही तर त्वचेखालच्या लसिकेतून, म्हणजे लिम्फ नावाच्या द्रवातून, सरकतं, आणि लसिका सरकते ती स्नायू हलले की. मग रुंद इलॅस्टिक बँडेज अख्ख्या हाताला किंवा पायाला बांधायचं, बोटांपासून वरपर्यंत, मोच आल्यावर बांधतो तेवढं घट्ट, वर फांदीची किंवा काठीची खपच्ची लावायची, माणसाला आहे तिथे आडवं करायचं, एक पाऊलही चालू द्यायचं नाही आणि तीन शून्यला फोन करायचा. चावलेली जागा धुवायची नाही, बँडेज हॉस्पिटलशिवाय सोडायचं नाही, साप कुठला ते ओळखायला त्याच्या मागे जायचं नाही. केमिस्टकडे सर्पदंशाचं खास बँडेज मिळतं, त्यावर आयत छापलेले असतात आणि बरोबर ताणलं की त्यांचे चौकोन होतात, म्हणजे अंदाज चुकायचा पण प्रश्न नाही. ब्लू माउंटन्सला रेंज नसते म्हणणाऱ्यांसाठी तिथे आणीबाणीचा सिग्नल देणारा लोकेटर बीकन फुकट वापरायला मिळतो, घ्यायचा, परत द्यायचा. हे सगळं आहे, आणि तरी आपल्या वीकेंडच्या ग्रुपमध्ये ठेपले, पोहे, चहाचा थर्मास, ब्लूटूथ स्पीकर सगळं असतं, बँडेज नसतं. साप हटवा म्हणून पार्कला ईमेल लिहिणाऱ्यांना मी हेच विचारते, तुमच्या बॅगेत आहे का?

सापांबद्दल एवढं बोलल्यावर बाकीच्या जनावरांवर थोडंच, पण राहून जायला नको. भीतीचा फटका सापाला बसतो तसाच ब्लू टंगला बसतो. बिचारी जाड, आखूड पायांची, निळ्या जिभेची पाल, गोगलगायी खाणारी, गवतातून डोकं बाहेर आलं की लोकांना साप वाटतो आणि फावडं पडतं. आणि लाडाचा फटका गोआनाला बसतो. आपल्या घोरपडीच्याच कुळातला हा, लेस मॉनिटर, पिकनिकच्या जागी बिनधास्त येतो कारण कोणीतरी त्याला सॉसेज दिलेलं असतं, मग तो दुसऱ्यांच्या टेबलावर चढतो, नखं लागतात, आणि तक्रार होते गोआनाची. घोरपडीच्या नावाने आपण सिंहगडाची गोष्ट अभिमानाने सांगतो आणि खरी घोरपड शिकारीपायी दिसेनाशी होत चालली आहे, इथे ती समोरून डुलत चालत जाते तर तिला ब्रेड टाकतो. लांबून बघितलं तर पोट भरत नाही का आपलं? कुत्रा घेऊन नॅशनल पार्कात जायला इथे बंदी आहे ती याचसाठी, आणि सापाने कुत्र्याला चावल्याच्या तक्रारी जिथे होतात तिथे पहिला प्रश्न कुत्रा मोकळा का सोडला होता हाच यायला पाहिजे.

एक गोष्ट मात्र अगदी जपून सांगायची आहे, कारण इथे शिकलेलं तिकडे नेताना घोटाळा होतो. सुट्टीत गावी गेल्यावर इथलं बँडेजचं ज्ञान कोकणात जसंच्या तसं लावायचं नाही. घोणस आणि फुरसं यांचं विष चावलेल्या जागचं मांसच सडवतं, तिथे ते घट्ट बांधून कोंडलं तर हात-पाय जायची भीती असते, म्हणून भारतातल्या सरकारी प्रोटोकॉलमध्ये घट्ट बांधणं नाही. मोडलेल्या हाडाला देतात तसा नुसता आधार द्यायचा, अंगठ्या-पैंजण काढायचे, चालू द्यायचं नाही आणि १०८ ला फोन करून थेट लस असलेल्या दवाखान्यात. इथे आणि तिथे सारखं आहे ते एवढंच की हलायचं नाही आणि वेळ घालवायचा नाही. बाकी सगळं स्थानिक सापाप्रमाणे बदलतं, आणि म्हणूनच "मला सापांचं सगळं माहितीये" म्हणणाऱ्या कोणत्याही काकांचं ऐकू नका, त्या त्या जागचा सल्ला बघा.

महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचवाच्या बाबतीत हेच करून दाखवलंय. लाल विंचू चावला की कोकणात मुलं धडाधड जात होती, त्यांनी ग्रामीण दवाखान्यात बसून पेशंट बघत, नोंदी ठेवत, प्रॅझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरून ते मृत्यू एकदम खाली आणले. विंचू तेवढेच राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंश दुर्लक्षित आजारांच्या यादीत टाकला २०१७ मध्ये, आणि भारत सरकारने २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचा कार्यक्रम जाहीर केला तो मार्च २०२४ मध्ये. इतकी वर्षं का लागली? माझ्या मते एक कारण हे आहे की आपण सापाबद्दल बोलत राहिलो, दवाखान्याबद्दल नाही. साप चावून मेला म्हटलं की तो नशिबाचा भाग होतो, कोणाला जाब विचारता येत नाही. लस नव्हती म्हणून मेला, गाडी मिळाली नाही म्हणून मेला असं म्हटलं की मग विचारता येतो.

तेव्हा या उन्हाळ्यात जे मराठी ग्रुप वॉक काढतायत त्यांना माझं मागणं आहे की पहिल्या वॉकच्या आधी पार्किंगमध्येच अर्धा तास सगळ्यांनी एकमेकांच्या पायाला बँडेज बांधून बघावं, पोरांनी आणि आजी-आजोबांनी पण, प्रत्येक गाडीत दोन बँडेजं असावीत, गवतातून जाताना बूट आणि लांब पँट असावी, कुठल्या ट्रॅकला चाललोय ते घरी कोणालातरी सांगून निघावं. आणि ज्यांना पार्कला ईमेल लिहायचीच आहे त्यांनी ती आपल्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या तालुका अधिकाऱ्याला लिहावी, की तुमच्याकडे आज सर्पदंशाच्या लसीच्या कुप्या किती आहेत, रात्री त्या द्यायला डॉक्टर कोण असतो, आणि पावसाळ्याच्या आधी साठा कधी भरता.